गाम्बोचं नेसण

मार्काला मढ्याची किळस कधी आली नाही. वाळवंटाच्या कडेला वसलेल्या झिंदर शहराच्या बिर्नी वस्तीत बायकांची मयत धुवायचं काम तिच्याकडे आईकडून आलं होतं. फुगलेली पोटं, चिघळलेल्या पाठी, बाळंतपणात गेलेल्या पोरी, सगळं तिनं मुकाट्यानं धुतलं. अंगाची घाण पाण्यानं जाते, एवढंच ती म्हणे. तिला किळस यायची ती जित्या माणसांची.

वस्तीतली रीत अशी, की मरताना बाईच्या अंगावर जे असेल ते धुणारीचं. कमरेला गुंडाळलेलं नेसण, झंपर, डोईचं फडकं. मेलेली तर पांढऱ्या कफनातच जाते. मार्काच्या आईच्या काळी सुना आजारी सासूला मुद्दाम चांगलं नेसण नेसवत, चार घरांत नाव निघावं म्हणून. आता घशाला घरघर लागली, की आधी कुणीतरी नेसण बदलतं आणि मग कानात कलमा म्हणतं. दोनदा हजला जाऊन आलेल्या एका व्यापाऱ्याच्या आईच्या अंगावर मार्काला मोलकरणीचं नेसण सापडलं होतं, तेही वीतभर अपुरं. मार्का अशा चिंध्या घरी न्यायची आणि पोतेऱ्याला वापरायची. तक्रार कुणाकडे करणार?

गाम्बो शेजारच्या गल्लीतली, तिच्याच वयाची. ती गुरं राखणाऱ्या फुलानी जमातीतली, मार्का बेरीबेरी. या दोन जमातींना एकमेकांना वाटेल ते बोलायची मुभा असते, आणि दोघींनी ती जन्मभर मनसोक्त वापरली. पोटाच्या दुखण्यानं गाम्बोनं अंथरूण धरलं, तशी मार्का रोज सकाळी तिच्याकडे फुऱ्याचा वाडगा घेऊन जाऊ लागली. ताकात कालवलेली बाजरी तेवढीच गाम्बोच्या घशाखाली उतरे.

"बेरीबेरी आली गं, बिबाता," गाम्बो चटईवरून सुनेला ओरडली. "भांडी मोजून घे."

"मोज हो," मार्का म्हणाली. "आणि हिच्या पायाशी एक गाय आणून बांध. शेपूट हातात असल्याशिवाय फुलानीचा जीव जात नाही."

गाम्बो हसली, मग बराच वेळ खोकली. बिबाता बाहेर गेल्यावर तिनं आवाज खाली आणला. "ऐक. मी हे नेसूनच जाणार. नंतर ते तुझं. तुझ्या रुंद बुडाला पुरायचं नाही, पण तुझं."

तिच्या कमरेला निळ्या-काळ्या पट्ट्यांचं जाड सुती नेसण होतं. लग्नाआधी तिनं स्वतः उभ्या मागावर विणलेलं, निळीच्या खड्ड्यात बुडवून आणलेलं. अजूनही हाताला निळा रंग लागे. बिर्नीत असं विणणारी आता कुणी उरली नाही.

"आधी जा तरी," मार्का म्हणाली.

"चेष्टा नको. बिबाताच्या बहिणीचं लग्न ठरलंय. नवरीच्या पेटीत जुन्या विणीचं एक तरी लागतं म्हणे. बिबाता दोनदा येऊन गेली. 'द्या ना, धुऊन आणते.' मी सोडलं नाही. मला त्या पोरीच्या हातून उघडी व्हायचं नाही गं, मार्का."

"मी बोलते इलियासूशी."

"माझा लेक दारातून डोकावतो. 'इन्ना, बरी आहेस?' बरी असते तर अशी पडले असते का?"

मार्का तरीही इलियासूशी बोलली. तो दुकानाच्या ओट्यावर बसला होता. त्यानं जमिनीकडे बघत ऐकून घेतलं. "वल्लाही, इन्ना मार्का, आईच्या अंगावरचा दोराही हलणार नाही," तो शपथ घेऊन म्हणाला. आईच्या वयाच्या बाईलाही तिथं इन्ना, म्हणजे आईच म्हणतात.

वाळवंटाकडून थंड, धुळीचा वारा सुटला होता त्या दिवसांत गाम्बो गेली. सकाळी निरोप आला. मार्का आपली भाची देलू हिला घेऊन गेली, कारण पाणी ओतायला दुसरे हात लागतात. आतल्या खोलीत गाम्बोवर नवीकोरी चादर पांघरली होती. मार्कानं ती उचलली.

खाली पिवळ्या छापाचं नेसण होतं. कडेला जळून मुठीएवढं भोक पडलेलं. बिबाता चुलीवरची पातेली याच कडेनं धरून उतरवायची, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

मार्का खाली बसली आणि तिनं कापडाला हात लावला. ते ओलं होतं. जीव जाताना लघवी सुटते, ती या फडक्यात सुटली होती. मेल्यावर बदललं असतं तर ते कोरडं राहिलं असतं.

"इन्ना, हे तर..." देलू म्हणाली.

"पाणी ओत."

उजवी मूठ आवळलेली होती. मार्कानं एकेक बोट सोडवलं. तळव्याला निळा रंग लागला होता, आत निळे दोरे होते आणि करंगळीचं नख उलटलं होतं. मार्का उठली, कोपऱ्यात गेली आणि तिनं ओकारी काढली. तिला असं कधी झालं नव्हतं. देलूला वाटलं, वासानं झालं असेल.

चूळ भरून ती परत बसली. दोरे तिनं पाण्याबरोबर, ते जिरायला खणलेल्या खड्ड्यात जाऊ दिले. बोराच्या पानांच्या पाण्यानं अंग धुतलं, केसांच्या तीन वेण्या घातल्या, कापूर लावला, कफनाचं कापड हातानं फाडून पाच तुकडे केले.

"पाहिलंत ना तुम्ही?" देलूनं विचारलं.

"आपण काही पाहत नाही."

नियमच तसा आहे. मयतीच्या अंगावर जे दिसतं ते धुणारीच्या तोंडून बाहेर पडत नाही. तो मेलेल्याची अब्रू राखायला केलेला. आज त्याच्या आडोशाला बिबाता बसली होती, आणि ती तिथं बसणार हे तिला आधीपासून ठाऊक होतं. मार्काला सगळ्यात जास्त शिसारी आली ती याची.

अंगणात बिबाता मोठ्यानं रडत होती. मार्का निघाली तशी ती डोळे पुसत गाठोडं घेऊन आली. "इन्ना मार्का, हे तुमचं. रीत आहे."

"शेवटपर्यंत हेच होतं अंगावर?"

"हेच. त्यांना हेच आवडायचं. मऊ आहे ना."

मार्कानं गाठोडं घेतलं.

सातव्या दिवशी प्रार्थनेला बायका ठेवणीतले कपडे घालून जमल्या. विड्यासारख्या चघळायच्या कोला फळांचं ताट फिरत होतं. मार्का आली ती पिवळं नेसण नेसून. स्वच्छ धुतलेलं, इस्त्री केलेलं, जळकं भोक बरोबर पुढच्या बाजूला. ती मध्यभागी जाऊन बसली.

"अगं, हे बिबाताचं पातेली उतरवायचं..."

"गप बस."

"गप काय? दिसतंय की."

एका म्हातारीला राहवलं नाही. "मार्का, हे काय नेसलीस?"

"गाम्बो जे नेसून गेली ते. माझ्या वाट्याचं."

ताट एकीच्या मांडीवर अडकून राहिलं. बायका भोकाकडे बघत होत्या, मग बिबाताकडे. कुणी "या अल्ला" म्हणालं, कुणी थू केलं. बिबाता आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी इलियासू मार्काच्या दारात उभा राहिला. हातात निळं नेसण, नीट घडी घातलेलं.

"इन्ना मार्का, गडबडीत पेटीत गेलं. घ्या."

"ती नेसून मेली असती तर माझं होतं. आता चोरीचं आहे. ने."

"मग मी काय करू याचं?"

"तुझी बायको ज्या पेटीसाठी रडत होती तिच्यात घाल. मी येईन लग्नाला, बघायला."

त्याला वाटलं, रागाच्या भरात बोलली. पण पाऊसकाळ संपून लग्न निघालं तेव्हा मार्का गेली. नवरीची पेटी उघडून घरच्या बायका एकेक कापड सगळ्यांसमोर धरायला लागल्या. निळं-काळं नेसण वर आलं, तसा घोळका पुढे सरकला. सातव्या दिवशी थू करणाऱ्या त्याच बायका. हातातून हात कापड फिरलं. एकीनं ते गालाला लावलं.

"काय वीण आहे! असं आता बघायला मिळत नाही. कुणाच्या हातची गं?"

"आमच्या सासूबाईंच्या," बिबाता म्हणाली. "जाताना स्वतःच्या हातानं काढून दिलं मला."

कुणी मान वर केली नाही.

"अल्ला तिला जन्नत देवो," सातव्या दिवशी विचारणारी म्हातारी म्हणाली.

"आमीन," सगळ्या म्हणाल्या.

"मार्का, तूही हात लावून बघ ना," शेजारणीनं कापड तिच्या मांडीकडे सरकवलं. मार्कानं पाय ओढून घेतले. भाताचं तुपाळ ताट समोर आलं होतं. त्यात दहा जणींचे हात पडत होते, बोटांना निळा रंग होता आणि भाताच्या कडेला तो उतरत होता. मार्का उठली.

"जेवून तर जा," शेजारीण म्हणाली.

"तुम्ही जेवा," मार्का म्हणाली आणि चपला शोधायला बाहेर गेली.