सावंतकाकांच्या चार ओळी

"हे पत्रक आहे काय?" मॅनेजरसाहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. परळच्या आमच्या मिलच्या गेटवर रोज सभा व्हायची. आत मराठीत लिहिलेला कुठलाही कागद सापडला की ऑफिसात धाकधूक. साहेबांना मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. मी लॅबमध्ये केमिस्ट होतो, मराठी आणि ऑफिसच्या विश्वासातला, म्हणून मला बोलावलं.

कागदावर साडीच्या छापाचं डिझाइन होतं. मागे पेन्सिलीनं लिहिलेलं:

सकाळी फुललं, दुपारी पाहिलं,
संध्याकाळी रंग गेला.
ज्यानं पाहिलं तोही आता
पहिल्यासारखा नाही राहिला.

अक्षर सावंतकाकांचं. डिझाइन खात्यात तीस वर्षं ते फुलं काढत होते. पत्रक ठरलं असतं तर नोकरी गेलीच असती.

"कविता आहे, साहेब. फुलावर."

"काय म्हणते?"

"संध्याकाळी रंग गेला म्हणते."

साहेब ताठ बसले. "कुठला? आपल्या साडीचा लाल?"

मी नाही म्हणालो, पण पुढच्या दोन ओळी मला नीट सांगता येईनात.

"लाल टेस्ट कर," ते म्हणाले, "आणि हे लिहिणाऱ्याला विचार."

टेस्ट सोपी असते. रंगीत तुकड्याला पांढरा तुकडा शिवायचा आणि साबणाच्या पाण्यात उकळायचा. पांढरा पांढराच राहिला तर रंग फास्ट, म्हणजे पक्का. आमचा राहिला.

मग काकांकडे गेलो. कागद नाकाला लागेल इतका जवळ घेऊन ते पाकळी काढत होते.

"काका, हे कुणाबद्दल लिहिलंत?"

"फुलाबद्दल."

"मग पाहणारा कोण?"

ब्रश थांबला. "लग्नातला फोटो बघत होतो. हिच्यावर लिहायला बसलो. मग वाटलं, ही बदलली की माझे डोळेच गेले? माका काय म्हायत." पुन्हा कागदावर वाकत हळूच म्हणाले, "डोळ्यांचं साहेबाला सांगू नको."

मी रिपोर्ट दिला: रंग फास्ट, कविता फुलाविषयी. साहेबांनी सही केली आणि खाली शेरा मारला, डिझाइनच्या कागदावर काही लिहू नये. नोकरी वाचली. वर्षभरात काकांच्या पाकळ्या वाकड्या यायला लागल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच कापडाच्या घड्या घालणाऱ्या घडी खात्यात बदली मागितली.

डोळ्यांचं मी लपवलं ते बरोबर की चूक, मला अजून कळलेलं नाही. त्या ओळी दुःखाच्या की समजुतीच्या, तेही नाही. कवितेचा अर्थ लिहिणाऱ्यालाच विचारावा, एवढं शिकलो. त्याला तो माहीत असेलच असं नाही.