कप्तानचं पोस्टर

जे पटकन वाचता येतं ते क्लबचं पोस्टर नव्हेच, ते वाण्याच्या दुकानाचं पत्रक, असं पोस्टरताईचं ठाम मत होतं आणि त्याच मतावर तिने वीस वर्षं घर चालवलं होतं.

टायरच्या दुकानावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत तिचं टेबल, कॉम्प्युटर, आणि भिंतभर तिनेच केलेली पोस्टरं. सगळी काळी. काळ्यावर एकच रंग, तोही डोळ्यात बोट घालणारा: विषारी हिरवा, नाहीतर जखमेवर लावायच्या औषधासारखा जांभळा. माणसाचा चेहरा असलाच तर अख्खा दाखवायचा नाही. कापायचा, अर्धा अंधारात बुडवायचा, वर वाळू पेरल्यासारखे कण टाकायचे. वाजवणारा डीजे जितका मोठा तितकं त्याचं नाव मोठं. बाकीचे शब्द ताणायचे, इतके ताणायचे की अक्षरांची नक्षी व्हावी. ठसठशीत काय ठेवायचं? वार, वेळ, ठिकाण. बस्स. 'या', 'नाचा', 'धमाल' असं लिहिणारा माणूस या धंद्यात दुसऱ्या आठवड्याला दिसत नाही.

"ज्याला कळायचं त्याला कळतं," क्लबचा मॅनेजर म्हणायचा.

"आणि ज्याला नाही कळत?" ताईच्या आईने त्याला एकदा विचारलं होतं.

"तो येऊ नये म्हणूनच तर हे सगळं, आई."

"म्हणजे आतून कडी घालायची आणि बाहेर पाटी लावायची, की यावे," आई म्हणाली आणि भाजी चिरायला निघून गेली.

घरात तिसरा माणूस कप्तान, ताईचा धाकटा भाऊ. वयाने अडतीस, समजुतीने नऊ-दहा. बसवर त्याचा जीव. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ताठ बसून तो हुकूम सोडायचा. "सावकाश. आता डावीकडे. मागच्यांनी पुढे सरका!" हे नाव घराकडच्या बसच्या ड्रायव्हरांनीच ठेवलेलं, आणि त्याला ते इतकं आवडलं की खरं नाव कुणी घेतलं तर तो तोंड फिरवून बसायचा. पत्ता विचारला तर सांगायचा, "घरी." त्याला फिट्स यायच्या. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. गोळ्या आठवडाभर चुकल्या तर काय होईल ते डॉक्टरांनी आईला एकदा सांगितलं होतं. आईने ते पुन्हा तोंडातून काढलं नव्हतं.

एका शनिवारी संध्याकाळी पाच वाजता कप्तान जुन्या बस डेपोवर दिसला. त्यानंतर दिसला नाही.

रविवारी सकाळी ताई पोलीस चौकीत गेली. हवालदाराने सगळं लिहून घेतलं आणि पेन खिशाला लावलं.

"मोठा माणूस आहे बाई. येईल फिरून."

"तो मोठा नाहीये हो."

"अडतीस तुम्हीच सांगितलंत ना?"

डेपोतून सदतीस मार्ग सुटत होते. त्यातले चार ती दुपारपर्यंत टोकापर्यंत फिरून आली आणि मग टेबलाशी बसली. "मी पोस्टर करते," ती आईला म्हणाली. दुसरं काय येत होतं तिला?

फोटो गच्चीवरचा होता. विटकरी स्वेटर घातलेला कप्तान उन्हाने डोळे बारीक करून हसत होता. मागे वाळत घातलेले कपडे होते. ते बरे दिसेनात, म्हणून तिने मागचं सगळं काळं केलं. मग स्वेटरचा रंग टोचायला लागला, म्हणून तो काढून हिरवा भरला. मग अर्धा चेहरा सावलीत ढकलला. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता, डोळ्यांत झोप नव्हती, पण हात आपला चालत होता. जित्याची खोड! 'हरवला आहे' हे शब्द तिने त्याच्या डोक्यामागे ताणून ताणून जाळीसारखे विणले. 'कप्तान' या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली कोपऱ्यात ठसठशीत: शनिवार, संध्याकाळी पाच, जुना बस डेपो. त्याच्याखाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, 'येथे शेवटचा दिसला'. आणि फोन नंबर.

आई गोळ्यांची डबी हातात घेऊन मागे येऊन उभी राहिली. शनिवारपासून ती डबी तिने खाली ठेवलीच नव्हती.

"छान झालंय. कुणाचा कार्यक्रम आहे?"

"आई! अगं, कप्तान आहे तो!"

आईने चष्मा लावला. पुढे वाकली. "हा? आणि याचा दुसरा कान कुठाय?"

"अंधारात आहे."

"मग उजेडात घे ना त्याला."

"आई, मला माझं काम करू दे गं!"

सोमवारी हजार प्रती निघाल्या. क्लबची माणसं देवासारखी धावली, दुपारपर्यंत खांब न् खांब भरला. मॅनेजरने पोस्टर क्लबच्या सगळ्या लोकांना फोनवर पाठवलं. "ताई, वीस वर्षांतलं तुमचं सगळ्यात भारी काम," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. "म्हणजे, तसं नाही."

मंगळवारी सकाळी पहिला फोन आला. आईने ताईचा दंड घट्ट धरला.

"हॅलो, कप्तान पाचलाच सुरू करणार का?"

"काय?"

"नाही, म्हणजे त्याच्या आधी कोण वाजवणार आहे?"

ताईने फोन कापला. कुणाची तरी विकृत चेष्टा, दुसरं काय. दुसरा फोन आला.

"डेपोत म्हणजे शेडमध्ये, की उघड्यावर?"

"तुम्ही त्याला पाहिलंय का?"

"नाही ना, पहिल्यांदाच ऐकणार. पण माझा मित्र म्हणतो, जबरदस्त वाजवतो."

तिसरा, चौथा, नववा. ताई चपला न घालताच खाली उतरली आणि समोरच्या फुटपाथवर उभी राहून, परक्या माणसाने बघावं तसं, खांबावरच्या आपल्या कामाकडे बघत राहिली. एक जोडपं थांबलं. मुलगी म्हणाली, "डेपोत? काय डोकं चालवलंय!" मुलाने फोटो काढला. दोघं गेले.

भाऊ हरवला म्हणून तिने शहरभर दवंडी पिटली होती, आणि शहर नाचायला निघालं होतं.

तिने मॅनेजरला फोन लावला. "काढ ते! कार्यक्रम नाहीये म्हणून सांग सगळ्यांना!"

"सांगितलं ताई, सकाळीच सांगितलं. त्यांना वाटतंय तीही जाहिरातच आहे."

"अरे, नाही म्हटल्यावर नाही!"

"नाही म्हटलं की जास्त येतात. तुम्हीच तर शिकवलंत."

बुधवारी ती साधी सूचना करायला बसली. पांढरा कागद, काळी अक्षरं. दोन तास खपली आणि समोर जे उभं राहिलं ते एखाद्या चित्रप्रदर्शनाचं निमंत्रण वाटत होतं. समास सुंदर, अक्षर नाजूक, मधे ऐसपैस मोकळी जागा. तिने कपाळ टेबलावर आपटलं. वेडंवाकडं, ओरडणारं, भाबडं काही तिच्या हातून उतरतच नव्हतं. शेवटी फोटो घेऊन ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकूंकडे गेली.

"वर काय टाकू?"

"हरवला आहे."

"केवढं?"

"मावेल तेवढं."

काकूंनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि खटाखट टाइप केलं. उंची, रंग, अंगावर काय, फिट येते, नाव विचारल्यावर कप्तान सांगतो. सात मिनिटांत कागद बाहेर.

"चेहरा जरा पसरट आलाय गं."

"असू दे काकू. दोन्ही कान आहेत ना? असू दे."

पण काकूंच्या मशीनने दोनशे प्रती काढून दम तोडला, आणि त्यातले बहुतेक कागद लागले आसपासच्या चार गल्ल्यांत. काळं पोस्टर केव्हाच हाताबाहेर गेलं होतं. मंडळी आपणहून छापून घेत होती, शहराच्या कुठल्या कुठल्या टोकाला चिकटवत होती. ताई दिवसभर बसने जमतील तेवढ्या मार्गांची टोकं गाठायची, रोज सगळ्या दवाखान्यांना फोन करून त्याच्या नावाने विचारायची, आणि मधे मधे खणखणणारा प्रत्येक फोन घ्यायची. न घेऊन करते काय? त्यातला एखादा खरा निघाला तर?

शनिवार उजाडला. चौदा गोळ्या डबीत तशाच होत्या.

"मी येत नाही," आई म्हणाली. "तो आला तर दार कोण उघडेल? तू जा. माणसं येणार आहेत ना, मग त्यांनाच विचार."

"ती नाचायला येणार आहेत, आई."

"डोळे घेऊनच येतील ना?"

डेपोच्या फाटकाशी दोनशे-अडीचशे जण जमले होते. काळे कपडे, काळे चष्मे. ताई बाकावर चढली. "ऐका!" असं ती ओरडली आणि एकच आरोळी उठली. सगळे फोन वर झाले.

"कप्तान वाजवत नाही!"

हशा. कुणीतरी शिट्टी मारली.

"कप्तान माझा भाऊ आहे! हरवलाय तो! त्याला फिट्स येतात, आठ दिवस गोळी नाही पोटात!"

"मागे ऐकू येत नाही! आवाज वाढवा!"

समोरचा एक जण टाळ्या वाजवायला लागला. ताईच्या हातात काकूंच्या कागदांचा उरलेला गठ्ठा होता, तो तिने पुढच्या रांगेच्या अंगावर अक्षरशः फेकला. "वाचा! वाचता येतं हे! वाचा आणि मागे द्या!"

कागद हातोहात मागे गेले. जिथे कागद पोचला तिथे गप्पा थांबल्या. पुढची रांग, मधली, मग फाटकाजवळची पोरं. टाळ्या वाजवणाऱ्याने हात खिशात घातले. फोन एकेक करून खाली आले. बस सुटायची घंटा झाली, ती सगळ्यांना ऐकू आली.

गर्दीतून एक तरुणी वाट काढत आली. गळ्यात हेडफोन, हातात कागद.

"ताई, हे... हे मला भेटलेत."

"कधी? कुठे?"

"गुरुवारी. अकरा नंबरच्या शेवटच्या स्टॉपवर. मी तुमचं पोस्टर लावत होते तिथे. आवडलं म्हणून लावत होते, कुणी सांगितलं नव्हतं. हे बाकावर बसले होते. मला म्हणाले, डावी बाजू खाली गेलीय, सरळ लाव."

"मग?"

"मी सरळ लावलं." तिला रडू फुटलं. "म्हणाले, आता ठीक. गाडी सोडा."

ताईने तिचं मनगट धरलं आणि दोघी सुटणाऱ्या अकरा नंबरमागे धावल्या. पोरांनी बसच्या पत्र्यावर थापा मारून ती थांबवली.

पाऊण तासाचा रस्ता. शेवटच्या स्टॉपवर पत्र्याची शेड, एक बाक, बाकाच्या वर पोस्टर. अगदी सरळ लावलेलं. बाक रिकामा. शेडच्या खिडकीत वेळा लिहून घेणारे एक काका बसले होते. ताईने कागद पुढे केला.

"हा ना? रविवारपासून इथेच होता. गाड्या सोडायचा आमच्या. ड्रायव्हर लोक डबा द्यायचे त्याला, आम्हाला वाटलं जवळच कुठे राहतो."

"होता म्हणजे?"

काकांनी चष्मा काढला. "काल सकाळी पडला हो. दातखीळ बसली. एक फिट थांबते तोवर दुसरी. अँब्युलन्सने नेलं."

"अहो, पण नाव विचारलं नाहीत का?"

"विचारलं की! पडायच्या आदल्या संध्याकाळीच विचारलं. कप्तान म्हणाला." काकांनी वर भिंतीकडे बोट केलं. "आता ते तर तिथेच लिहिलेलं. आम्हाला वाटलं, वाचून सांगतोय."

सरकारी दवाखान्याच्या नोंदवहीत तो 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस' होता. भिंतीकडची खाट. ओठ दातांखाली येऊन फाटलेला, हाताला सलाईन, डोळे मिटलेले. विटकरी स्वेटर घडी करून उशाशी ठेवला होता. नर्सने सांगितलं, काल पाच फिट्स आल्या, रात्रीपासून नाहीत, पण शुद्ध अजून नाही. डॉक्टर उद्या सकाळपर्यंत थांबा म्हणतात. हेडफोनवाली मुलगी दाराबाहेरच भिंतीला पाठ टेकून खाली बसली. आत यायचा तिला धीर होईना. ताईने घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"सापडला?"

"हो आई."

"गोळी दिलीस?"

"इथे सुईतून देतात."

"बोलतोय का?"

"आई, तो..."

"फोन दे त्याच्याकडे."

"अगं, त्याला ऐकू येतंय की नाही ते यांनाही..."

"फोन दे म्हणते ना मी!"

ताईने फोन त्याच्या कानाशी धरला. आईचा आवाज बारीक, पण खाटेच्या या बाजूलाही स्पष्ट येत होता.

"काय रे, आठ दिवस? सांगून जायची पद्धत आहे की नाही? मी इथे दाराशी बसून पाठीचा काटा मोडून घेतलाय. अंथरूण घातलंय तुझं. दुसऱ्याच्या खाटेवर किती वेळ पडून राहणार? डोळे उघड बघू. उघड म्हणते ना. ताई आलीय बघ, तिच्याकडे बघ. तुला कसं वाटतंय तेवढं तिला सांग, मग झोप हवं तर."

भेटायची वेळ संपली म्हणून सांगायला नर्स पडद्यापाशी आली होती. ती तिथेच थांबली. खाटेवरच्या चेहऱ्याकडे तिने बराच वेळ पाहिलं, मग फोनकडे.

"त्यांना म्हणावं," ती ताईला म्हणाली, "जरा मोठ्याने बोला."