माझ्या मुठीवरचा हात

भुताच्या गोष्टी सांगायला मला भयंकर आवडतं. मल्लेश्वरमच्या आमच्या घरी लाइट गेले की पोरं माझ्याभोवती गोळा होतात, आणि मी आवाज खोल नेऊन त्यांची अशी गाळण उडवते की जाऊबाई आतून ओरडतात, "सुलू, पुरे आता!" पण विश्वास? काडीचा नव्हता. गणितातली पदवी घेतलेली बाई मी! भूत म्हणजे करमणूक, बस्स.

आज लिहितेय ती गोष्ट मात्र मी पोरांना सांगत नाही. ती सांगताना आवाज मुद्दाम बदलावा लागत नाही... आपोआप बदलतो.

एकोणीसशे साठचं दशक नुकतं लागलं होतं. बेंगळुरातल्या विमानांच्या एका कचेरीत मी नोकरीला होते. (कचेरीचं नाव विचारू नका — पेन्शन अजून यायचीय!) तिथे एका लांबलचक खोलीत गणितं सोडवणारं यंत्र होतं. आजच्यासारखा कॉम्प्युटर नव्हे हं. नुसते पोलादी दांडे, दातेरी चाकं आणि एक मोटार. गणितातली एकेक राशी म्हणजे एकेक फिरता दांडा. उत्तर शेवटच्या टेबलावर पेनानं कागदावर उमटायचं.

सरळ गणितं यंत्र एकटं सोडवी. पण दुप्पट जोर लावला तरी परिणाम दुप्पट होत नाही, अशी वाकडी गणितं असतात. ती आली की यंत्राचं डोकं चालेना. मग त्यात एक माणूस जोडावा लागे — आणि तो माणूस मी! माझ्या टेबलावर एका वक्राचा कागद. यंत्र काटा आडवा सरकवणार, आणि मी भिंगातून बघत, मूठ फिरवून तो वर-खाली करत नेमका वक्रावर ठेवणार. मूठ म्हणजे शिवणयंत्राला असते तशी हातानं फिरवायची. तिला मोटार नाही, काही नाही. यंत्र चालू असेपर्यंत वक्रावरून नजर हलवायची नाही, आणि माझ्याशी कुणी बोलायचंही नाही. मला गप्प बसवणारी जगातली ती एकमेव नोकरी!

त्या दिवशीचं गणित होतं एका नव्या विमानाच्या शेपटीचं. शेपटीची हलती फळी वेगात थरथरू लागली तर तो थरार विरतो की टिकतो? विरला तर विमान दुसऱ्या दिवशी पूर्ण वेगानं उडणार. आणि उडवणार कोण, तर माझा थोरला भाऊ, अण्णा. चाचणी पायलट.

सकाळी तो स्वतःच खोलीत डोकावला. "काय गं, मूठ नीट फिरव हं! माझा जीव तुझ्या हातात आहे."

"मग आधी माझी कॉफी आण," मी म्हटलं. "जिवाचा भाव कळू दे."

हसत गेला. कॉफी आणली नाही ती नाहीच.

ऊन खिडकीतून थेट टेबलावर आलेलं. आमचे साहेब शेषाद्री सर उभे, आणि शेवटच्या टेबलाशी पेनावर नजर ठेवून कमलाक्का — माझी सहकारी, भुतांची नावंगावं पाठ असलेली! यंत्र सुरू झालं. वक्र सोपा होता: फळी किती वळली की तिची बिजागरी किती जोरानं अडवते, त्याचा. डावीकडून मधून जात उजवीकडे चढणारा. मी मजेत मूठ फिरवत मध्यापर्यंत आले...

आणि मूठ थांबली.

अडकली नाही, थांबली. माझ्या मुठीवर कुणीतरी तळवा ठेवला होता. गरम, खरबरीत, मोठा तळवा. दाबत नव्हता, लहान मुलाचा हात धरून 'थांब' म्हणावं तसा. काटा आडवा सरकत राहिला, वक्र वर निघून गेला, मी खालीच. मग तळवा उचलला गेला आणि मूठ मोकळी झाली. काटा परत मध्यावर आला, की पुन्हा तसंच.

"एनम्मा इदु? काय हे? झोपलीस का?" सर गरजले.

"सर, मूठ..."

यंत्र थांबवलं. सरांनी मूठ फिरवून पाहिली. लोण्यासारखी! तेल घातलं, चाक बदललं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा मध्यावर तोच तळवा.

"ऊठ. भाऊ उडणार म्हणून हात कापतायत तुझे," सर म्हणाले आणि स्वतः माझ्या खुर्चीत बसले. मध्यावर आले... आणि त्यांचा चेहरा मी पाहिला. अंधारात अनोळखी माणसानं हात धरावा तसा.

त्यांनी सावकाश मूठ सोडली. दोन्ही हात मांडीवर घेतले.

मूठ फिरत राहिली.

एकटी. काटा वक्रावरून असा अलगद चालला होता की मी जन्मात तितकं सुरेख काम केलं नव्हतं. मध्यावर आला, थबकला, वक्र वर गेला तरी हा तिथेच आडवा, जणू मध्यावर फळीला अडवणारा जोरच नाही. मग पुन्हा वक्रावर. जाताना आणि येताना.

"सर," शेवटी कमलाक्काच बोलली, "इकडे बघा."

थरार विरला तर पेनाची रेघ आत आत वळत मध्याशी संपायला हवी. तशी संपत नव्हती. एका वर्तुळात अडकली होती. गोल गोल, त्याच रेघेवरून, कागद फाटेपर्यंत.

सरांनी यंत्र बंद केलं आणि विमानांच्या हँगरला फोन लावला. "उद्याचं उड्डाण थांबवा. बिजागरी परत मोजा. मध्याजवळ ढिली आहे का बघा." पलीकडून कुणीतरी कारण विचारलं असावं. सर मुठीकडे बघत राहिले. "गणितात आलंय," एवढंच म्हणाले.

हँगरवाल्यांनी मोजलं. घट्ट! "ढिलं तुमचं यंत्रच असेल," असा उलट निरोप आला. पण सर हटले नाहीत. इंजिन चालवून, फळी भरपूर हलवून, गरम झाल्यावर मोजायला लावलं. तेव्हा बिजागरीत पातळ फट निघाली. फळी मध्यावर बोटानंही खुळखुळत होती. थंड असताना मोजलेल्या आमच्या वक्रात ती फट येणं शक्यच नव्हतं.

बिजागरी बदलली, नवा वक्र आला. मी मुठीवर हात ठेवला आणि त्या तळव्याची वाट बघत मध्यापर्यंत आले. पण काही नाही. मूठ नुसती मूठ होती. रेघ आत वळत गेली आणि संपली.

कमलाक्काचं ठाम मत, की तो कुणा अपघातात गेलेल्या पायलटचा हात. शेषाद्री सरांनी मत दिलंच नाही. ते निवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीत पुन्हा कधी बसले नाहीत. मी गियर, विजेचा झटका, उन्हानं तापलेलं लोखंड, सगळं ताडून पाहिलं. बंद खोलीतल्या मुठीला हँगरमधल्या बिजागरीची फट कशी कळली, ते मला आजही सांगता येत नाही. तळवा कुणाचा, तेही नाही.

अण्णाला विचाराल तर तो अजून हसतो. रविवारी जेवायला आला की ताटावर बसताच सुरू करतो, "काही भूत नाही गं. तुझा हात आखडला होता, आणि तुझे सर भित्रे!"

"सरी अण्णा, बरं, आखडला होता," मी म्हणते, आणि त्याच्या पानात आणखी भात वाढते.