उभं राहायची नोकरी

पडले ती साडीसकट. हैदराबादच्या दिलसुखनगरात तेव्हा मोठाल्या काचा लावलेल्या दुकानांचं पेव फुटलं होतं, त्यातल्याच एकात मी साड्या दाखवायची. गिऱ्हाईक बाईंसाठी जरीचा पदर माझ्या खांद्यावर लावला होता. डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा पदरावर माझ्या ओकारीचा डाग.

बाई पुण्याच्या, नवऱ्याच्या कॉम्प्युटरच्या नोकरीपायी इकडं आलेल्या. मला मराठी कळत नाही असं धरून लेकीला म्हणाल्या, "अंगात जीव नाही आणि मेल्या कामाला येतात. शी."

मी मराठीत म्हणाले, "माफ करा, ताई."

मॅनेजर म्हणाला, "नखरे नक्को. भूके पेट कायकू आते?" त्यालाही सॉरी म्हणाले. आपणच गुन्हेगार, असंच वाटायचं मला.

सकाळपासून दुकान बंद होईस्तोवर आम्ही मुली उभ्या. टेकलं तरी बोलणी. मुतारीला सोडत नसत म्हणून पाणीच पीत नसू. भूक लागली की दुकानाचा चहा, डबा खाल्ला की वर पुन्हा चहा. पाळीत कापड भिजून जायचं, तरी उभ्याच.

आई मला गौलीगुड्यातल्या आमच्या घरून ओढत सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी खालची पापणी ओढून आत लाली आहे का पाहिलं, रक्त तपासलं. म्हणाल्या, "ॲनिमिया. सौम्य असतो, मध्यम असतो. तुझा तीव्र आहे." पाळीत किती जातं, जंत पडतात का, जेवणात काय असतं, सगळं विचारलं. चहाचं ऐकून कपाळाला हात लावला. जेवणावर चहा घेतला की खाल्लेलं लोह अंगी लागत नाही, म्हणाल्या.

मग आईकडं वळल्या. "अम्मा, तुमची पापणी बघू."

"मला काय धाड भरलीय? हिचं बघा."

आईची पापणी माझ्याहून पांढरी निघाली.

मी कमावती ना. गरम भात, घट्ट वरण, कधी आणलीच तर कलेजी, आधी माझ्या ताटात. आई मागून भांड्याच्या तळाचं खायची. "माझं पोट भरलंय गं," म्हणायची, आणि मी खरं धरायची. खरं धरणं सोयीचं होतं. दवाखान्याच्या बाकड्यावर मला माझीच किळस आली. परक्या बाईची माफी मागितली होती मी, आईची कधीच नाही. रडायला लागले तर आई म्हणाली, "गप. लोक बघतात."

कामावर परतले. मॅनेजरनं सगळ्या मुलींपुढं उभं केलं. "बोल, गलती मेरी थी. फिर नौकरी पे रह."

नोकरी गेली तर दोघींनी खायचं काय? सॉरी ओठांवर आलंच होतं. शेजारी लक्ष्मी उभी होती. मी तिची पापणी खाली ओढली. पांढरी. रिहानाची ओढली. तीही पांढरी.

म्हटलं, "इनकी भी गलती है क्या, साब?"

"निकल," तो म्हणाला.

निघाले. लक्ष्मी, रिहाना तिथंच उभ्या राहिल्या, ते अजून सलतं.

आता नोकरी मागायला गेले की आधी विचारते, मुली बसतात कुठं? बरीच दारं तिथंच बंद होतात. होऊ देत. आणि घरी आई समोर बसून जेवल्याखेरीज मी घास उचलत नाही. ती चिडते, शिव्या देते. देऊ दे. तिच्या वाटणीचं मी फार खाल्लंय.