कॅमेऱ्याचं मागचं झाकण

आमच्या घरात एक छोटा कॅमेरा आहे. रोल घालून फोटो काढायचा, जुना, सगळा यांत्रिक. माझे यजमान विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायचे, तेव्हा विभागात आलेल्या एका परदेशी संशोधकाने मायदेशी परतताना तो त्यांना दिला. तळहातावर मावेल एवढा, पण उचलला की आकाराच्या मानाने जड लागतो. कडांवरचा काळा रंग घासून आतलं पितळ दिसायला लागलंय. त्याला सेल लागतो तो फक्त आतल्या उजेड मोजणाऱ्या काट्यापुरता. सेल संपला तरी बाकी सगळं चाललं पाहिजे, याचं यजमानांना फार कौतुक. दगडांचे, खडकांचे शेकडो फोटो त्यांनी त्यावर काढले. आमचे, म्हणजे माझे आणि मुलाचे, वर्षातून एखाददोन. त्या फोटोंत मी बहुतेक डोळे बारीक करून उन्हाकडे बघतेय, कारण उजेड कुठून यायला हवा हे यजमान ठरवायचे आणि मी उभी राहायचे.

मी स्वतः चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. हे सांगते आहे ते मिरवायला नाही. पुढे त्याचा संबंध येतो.

यजमान निवृत्त झाल्यावर कॅमेरा कपाटात गेला. बनारसमध्ये रोल धुऊन देणारी दुकानं एकेक करून बंद पडली होती. मग मुलाचं लग्न झालं. सून प्रयागराजची, हिंदी घरातली, इथल्याच एका शाळेत शिकवायला लागली. मुलाची बदली गोरखपूरला, तो शनिवारी यायचा, रविवारी रात्री जायचा. त्यामुळे ब्रह्माघाटाजवळच्या आमच्या घरात आम्ही तिघंच. मराठी ती आमच्याकडे येऊन शिकली, आणि पटकन शिकली. वाईट काहीच नव्हतं तिच्यात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मला नंतर सांगावं लागणार नाही.

एका रविवारी कपाट आवरताना तिला कॅमेरा सापडला. "बाबा, हे चालतं का अजून?" एवढंच तिने विचारलं.

त्या दिवसापासून माझ्या घरात एक दुसराच माणूस राहायला आला. यजमान मुळात बोलणारे नाहीत. जेवताना हवं-नको, पेपरातली एखादी बातमी, संपलं. पण आता संध्याकाळचा चहा झाला की दोघं गच्चीवर जायची आणि ते बोलत राहायचे. रोल कसा घालायचा, त्याचं टोक फिरकीत कसं अडकवायचं, ओढताना उलट बाजूची खुंटी फिरतेय ना हे कसं बघायचं. भिंगाच्या आतलं भोक लहानमोठं कसं होतं, आणि पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत कसा उघडमीट करतो. ती चुकली की म्हणायचे, "हरकत नाही, पुन्हा कर." हे "हरकत नाही" मी त्यांच्या तोंडून ऐकत होते आणि आठवत होते, की माझ्या वाट्याला ते कधी आलं होतं. स्कूटर शिकताना? नाही. बँकेचा फॉर्म चुकला तेव्हा? नाही.

एकदा मी गच्चीवर कपडे काढायला गेले होते. सून भिंगावरच्या रिंगणावरचे आकडे वाचत होती. दोन, दोन पूर्णांक आठ, चार, पाच पूर्णांक सहा, आठ, अकरा.

"बाबा, हे नंबर इतके अजीब का आहेत?"

"तसेच असतात. पाठ करून टाक. एक घर पुढे गेलं की उजेड निम्मा."

मी कपडे हातात घेऊनच सांगितलं, की त्यात अजीब काही नाही. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याला दोनच्या वर्गमुळाने गुणून येतो, कारण वर्तुळाचं क्षेत्रफळ निम्मं करायचं तर व्यास तेवढ्याच प्रमाणात कमी करावा लागतो. सून माझ्याकडे वळली आणि तिचा चेहरा उजळला. पण यजमान म्हणाले, "हो, असेल," आणि तिला पुढचं सांगायला लागले. मी कपडे घेऊन खाली आले. त्या दिवशी घड्या घालताना प्रत्येक कपडा मी दोनदा झटकला.

मग ती दोघं बाहेर पडायला लागली. पहाटे दशाश्वमेधला, गर्दी व्हायच्या आत. पंचगंगेच्या पायऱ्यांवर. मणिकर्णिकेवरून जाताना कॅमेरा पिशवीत ठेवायचा, हा यजमानांचा नियम. तिने तो पाळला, म्हणून घरी येऊन त्यांनी तिचं मला कौतुक सांगितलं. चितेचे फोटो मीही काढले नसते. मला कुणी तशी संधी दिली नव्हती, एवढंच.

एका सुट्टीच्या दिवशी नावेने रामनगरला जायचं ठरलं. मी विचारलं, मीही येऊ का? यजमान म्हणाले, "तू येऊन काय करणार? तुला नावेत मळमळतं."

मला नावेत मळमळत नाही. एकदा मळमळलं होतं, मुलगा पोटात असताना. त्याला आता तीस वर्षं झाली. ते मी बोलले नाही. डबा भरून दिला. दुपार उलटल्यावर दोघं उन्हाने लाल होऊन परत आली, आणि कुठल्या तरी गोष्टीवरून हसत होती. मी विचारलं काय झालं, तर सून म्हणाली, "काही नाही आई, तो मल्लाह सारखा म्हणत होता..." आणि तिला पुढे हसूच आवरेना. यजमानही हसायला लागले. तो नावाडी काय म्हणत होता ते मला अजून माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून शाळेत होती आणि यजमान आतल्या खोलीत झोपले होते. कॅमेरा बैठकीतल्या फळीवर होता. तो मी उचलला. इतक्या वर्षांत पुसायला म्हणूनच मी त्याला हात लावला होता. डोळ्याला लावला आणि आमचंच अंगण मला दिसलं: तुळशीची कुंडी, वाळत घातलेला टॉवेल, कोपऱ्यातली बादली. भिंगाचं रिंगण फिरवलं तसं बादलीचं हँडल पुसट व्हायचं, मग एकदम लखलखीत धारदार व्हायचं. उजव्या कडेला एक बारीक काटा उजेडाप्रमाणे वरखाली होत होता. मी उन्हाकडे वळले, काटा वर गेला. सावलीकडे वळले, खाली आला. मी तिथे किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

वाईट वाटलं असतं तर परवडलं असतं. मला आवडलं. हे माझ्या घरात इतकी वर्षं होतं आणि ते काल आलेल्या मुलीला मिळालं, या विचाराने माझ्या कानशिलांत कळ आली.

रोलला उजेड लागता कामा नये, हे मी त्यांच्या बोलण्यात दहादा ऐकलं होतं. डावीकडची खुंटी वर ओढली की मागचं झाकण उघडतं, हेही ऐकलं होतं. मी खुंटी ओढली. टक् करून झाकण उघडलं. आत तपकिरी, गुळगुळीत पट्टी ताणलेली होती. मी कॅमेरा खिडकीकडे धरला आणि मनात दहापर्यंत आकडे मोजले. मग झाकण दाबून बंद केलं, कॅमेरा होता तसा फळीवर ठेवला आणि भाजी चिरायला बसले. कुणाला कळणार नाही, अशी माझी खात्री होती. रोल खराब निघाला तर रोलच जुना होता म्हणतील.

पण त्या कॅमेऱ्याची एक खुबी मला माहीत नव्हती. किती फोटो झाले ते दाखवणारी वर एक छोटी खिडकी असते. मागचं झाकण उघडलं की तो आकडा आपोआप पहिल्या खुणेवर, इंग्रजी 'एस'वर, परत जातो. हे ती दोघं माझ्यासमोर कधी बोललीच नव्हती.

संध्याकाळी सुनेने कॅमेरा हातात घेतला. "बाबा, तेवीस होतं ना? हे एस का दाखवतंय?"

यजमानांनी चष्मा लावून बघितलं. त्यांचा आवाज बदलला. त्यांनी तिला विचारलं, झाकण तू उघडलंस का. ती नाही म्हणाली. चुकून खुंटी ओढली गेली असेल, ते म्हणाले. तिने पुन्हा नाही म्हटलं, आणि आता तिचे डोळे भरून आले होते.

"मग कोण उघडणार?" यजमान म्हणाले. "या घरात कॅमेऱ्याला हात लावणारी माणसं दोनच. तू आणि मी."

मी चुलीपाशी उभी होते. गप्प राहिले असते तर सुटले असते, कारण माझा संशय घ्यावा एवढीही जागा मला त्या हिशेबात नव्हती. खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला तिच्यावरच्या आरोपाचाही हेवा वाटला.

"मी उघडला," मी म्हटलं.

यजमान वळले. पहिलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं ते असं: "तुला उघडता येतो?"

"येतो. मुद्दाम उघडला. उजेड लागावा म्हणून."

यजमानांनी चपला घातल्या आणि ते बाहेर निघून गेले. सून तिच्या खोलीत गेली. दूध उतू गेलं तेव्हा कुठे मी भानावर आले.

पुढचे चार दिवस घरात फक्त भांड्यांचे आवाज होते. सून शाळेत जाताना "येते" म्हणायची, तेवढंच. चौथ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला गुस्सा आलाय. तो अजून गेला नाही. पण मी सांगून टाकलं."

मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. माफी मात्र त्या दिवशी मला मागता आली नाही. ती आठवड्याने मागितली, पाठमोरी, भात लावता लावता.

तो रोल त्यांनी तरीही गुंडाळून दिल्लीला धुवायला पाठवला. फोटो तिच्या मोबाइलवर आले. रामनगरचे सगळे गेले होते, नुसता पांढरा उजेड. मधल्या फोटोंवर आगीसारखे नारिंगी पट्टे. पहिले सात मात्र शाबूत होते. यजमानांनी समजावलं, की काढलेले फोटो फिरकीवर गुंडाळले जातात, म्हणून सुरुवातीचे सगळ्यांत आत, झाकलेले राहतात. ते तिला समजावत होते, पण मीही ऐकत होते. मी ते सातही फोटो पुन्हा पुन्हा बघितले. कबुतरं, नाव, पंचगंगेच्या पायऱ्या, यजमानांचे हात, फुलवाली, पुन्हा नाव, एक बंद दार. मी शोधत होते, पण मी कुठेच नव्हते. तेही मला लागलं.

सुनेने ते ओळखलं असावं. "आई, शिकवू का तुम्हाला?" तिने विचारलं.

"तुझ्याकडून नाही," मी म्हटलं. तिला वाईट वाटलं असेल. पण मला खोटं बोलायचं नव्हतं.

त्याच दुपारी मी यजमानांना म्हटलं, मला शिकवा. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं.

"इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीस."

"तुम्ही कधी दाखवला नाहीत."

"तिने विचारलं," ते म्हणाले.

खरंच मी कधी विचारलं नव्हतं. मला कुणी तरी बोलवावं म्हणून मी थांबले होते, आणि आपण थांबलोय हे समोरच्याला कळत असेल असं धरून चालले होते.

त्यांनी मला शिकवलं. "हरकत नाही" वगैरे काही नव्हतं. "सांगितलं ना आत्ता," असं म्हणायचे, हातातून कॅमेरा काढून घ्यायचे, मी तो परत ओढून घ्यायचे. गच्चीवर आमची अशी भांडणं व्हायची की शेजारीण एकदा डोकावून गेली. माझ्या पहिल्या रोलमधले अकरा फोटो बरे आले. सुनेने त्यातल्या एकाला चांगलं म्हटलं, आणि तो खरंच चांगला होता.

गेल्या वर्षी सून नोकरी बदलून गोरखपूरला मुलाकडे गेली. जायच्या आधी यजमानांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, कॅमेरा तिला देऊ या का? मला वाटतं, त्या कॅमेऱ्याबद्दल त्यांनी मला काही विचारलं असं ते पहिल्यांदाच.

"नाही," मी म्हटलं. "मी देणार नाही."

त्यांनी हट्ट धरला नाही. सुनेला कळलं तेव्हा ती म्हणाली, बरोबर आहे, तुमचाच आहे. दोन महिन्यांनी तिने लखनऊहून तसाच एक जुना कॅमेरा मिळवला आणि व्हिडिओ कॉल करून दाखवला. रंग अजिबात उडालेला नव्हता. उजेडाचा काटा आपल्या कॅमेऱ्यातल्यापेक्षा अचूक चालतो, असं ती यजमानांना सांगत होती, आणि ते मोबाइलवर वाकून एकेक गोष्ट विचारत होते. मी मागून म्हटलं, छान आहे गं.

त्यानंतर आठवडाभर मी तिला स्वतःहून फोन केला नाही.