टॉवेल-टोपीऐवजी सेंटची बाटली

आधी शपथ घ्या की हसणार नाही, मगच सांगतो. घेतली? खोटी घेतलीत, तोंडावरून कळतंय. जाऊ दे, चहा ओता.

तुम्हाला माहितीच आहे, मी रबाळ्याला कंपनीत क्वालिटी चेकिंगला आहे. माझ्या हातातून खराब माल सुटत नाही असं सगळे म्हणतात. म्हणजे, मी म्हणतो, बाकीचे ऐकून घेतात.

तर गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीचं लग्न ठरलं. ताईची एकुलती एक पोरगी. दाजी वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याचे व्यापारी, मूळचे साताऱ्याकडचे, आणि मुलाकडचेही तिकडचेच. माणसं जीव लावणारी, पण मानपानात जरा इकडचं तिकडे झालं की संपलं! साखरपुड्यात आहेराचा टॉवेल पातळ निघाला. मुलाच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तो उजेडात धरला आणि दाजींना म्हणाले, "पावनं, ह्यातनं तुमचं घर दिसतंय की!"

झालं! त्यांच्याकडचे सगळे पुरुष तोंड फुगवून बसले. ताई रडायची बाकी होती.

म्हणून लग्नाच्या वेळी दाजींना भलतंच टेन्शन. "मेव्हणं, आहेर पुन्हा चुकला ना, तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल."

आणि मी, दीडशहाणा, काय बोलावं? "दाजी, टॉवेल-टोपीचा जमाना गेला. सेंट द्या! प्रत्येकाला एक बाटली. तपासायचं काम माझ्याकडे."

बोनकोड्याच्या नाक्यावर एका दुकानात पुरुषांचा एक स्वस्तातला सेंट होता. काळी जड बाटली, सोनेरी झाकण, वर चंदनाचं झाड. बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी दुबईहून आणलीय. पण नुसत्या दिसण्याला भुलणारा मी नव्हे! टेस्टिंग सुरू. रोज सकाळी आंघोळ करायची, कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढायचा, कॉलरवर सेंट मारायचा आणि दिवसभर कॉलर हुंगत राहायचं.

मारल्या मारल्या वास असा उग्र, की डोळ्यांत पाणी. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, ढेकणांचं औषध मारलंत का?" पण थोड्या वेळात तो उग्रपणा जायचा, आणि मग हळूच चंदन यायचं. मंद, देवळात बसल्यासारखं. संध्याकाळी घामाघूम होऊन घरी आलो तरी चंदन! शर्ट धुवायला टाकला, सकाळी बादलीतून परत काढून हुंगला, तरी चंदन!

कंपनीत माझ्या शेजारी सावंत बसतो. त्याच्यापुढे कॉलर धरली.

"हुंग."

"येडा झालास काय? लोक बघतायत."

"हुंग रे!"

हुंगलं त्याने. "च्यायला, भारी आहे! मला पण आण एक."

आता सांगा, आणखी काय पुरावा पाहिजे? घरी येऊन बायकोला समजावलं, "हा सेंट आधी उग्र असतो, मग उमलतो." ती म्हणाली, "अहो, पण तो वास म्हणजे…" मी म्हटलं, "तू थांब. हे क्वालिटीचं काम आहे."

ती थांबली. आमच्या अख्ख्या संसारात माझं ऐकून ती थांबली ती एवढी एकदाच, आणि तेच नडलं.

लग्न खांदेश्वरच्या हॉलमध्ये. अक्षता पडल्या, मानपान सुरू झाला. दाजींनी एकेका फेटेवाल्याला कुंकू लावून बाटली दिली. आबांनी ती उलटी धरली आणि पहिला फवारा थेट स्वतःच्या मिशीत! शिंकले, खूश झाले. मग काय, सगळ्यांनीच फवारायला घेतलं. वास एवढा सुटला, की काय सांडलं ते बघायला आचारी बाहेर आला.

पंगत बसली आणि आबांनी बाही हुंगली. पुन्हा हुंगली.

"मामा, वास कुटं गेला?"

"थांबा आबा, उमलतोय."

"म्हंजी?"

"आधीचा जातो, मग खरा येतो. चंदन!"

माणसं बिचारी भाबडी हो! जिलेबी आली, बाही हुंगली. मठ्ठा आला, बाही हुंगली. अख्खी पंगत एका हाताने जेवतेय आणि दुसरा हात नाकाला! शेवटी आबांचे चुलते, तात्या, उठले. "टोपी निदान डोक्यावर ऱ्हाती. ह्यो तर जेवान हुस्तवर बी टिकला न्हाई."

मला राग आला. माझ्या तपासणीवर संशय? "असं कसं? माझा बघा!" म्हणत मी वाकून मान पुढे केली. आबांनी हुंगलं, तात्यांनी हुंगलं.

"चंदन हाय की!"

माझी छाती फुगली. तेवढ्यात तात्या म्हणाले, "म्हंजी मामानं सोताला भारीतला ठिवला आन आमाला पानी दिलं!"

मेलो! आबा खुर्चीवर जाऊन बसले. "गाडी थांबवा." तिकडे पाठवणीची तयारी झालेली, भाची डोळे पुसतेय, दाजींनी हात जोडलेले. आणि ताईने माझ्याकडे असं बघितलं, की हॉलच्या फरशीने मला आत घ्यावं. पोरीच्या संसाराला पहिल्याच दिवशी मी नाट लावली होती.

"आईशप्पथ हीच बाटली!" म्हणून मी खिशातली काढली, आबांच्या बाहीवर मारली. सगळे वाट बघत उभे. गेला की हो वास! माझी कॉलर हुंगली, चंदन. माझं मलाच कळेना.

तेवढ्यात गर्दीतून बायको पुढे आली.

"आबा, आता मी बोलू का? हे बोलू देत नाहीत म्हणून विचारते. तो वास सेंटचा नाहीच. मी कपाटात कपड्यांच्या घड्यांमध्ये चंदनाचा साबण ठेवते, सासूबाई ठेवायच्या तसा. ह्यांच्या बनियनलाही तोच वास आहे. हवं तर हुंगा."

बनियन कोणी हुंगला नाही. मग आबांची मिशी हलली, आणि ते असे हसले, की फेटा कानावर आला. "म्हंजी मामा इतकं दिस साबन हुंगत हुता व्हय!"

तात्या हसले, दाजी हसले, रडणारी भाची रडता रडता हसली. गाडी सुटली. मला इतकं हायसं वाटलं, की कोपऱ्यात जाऊन डोळे पुसून आलो.

पुढे भाचीला माहेरपणाला आणायला मी साताऱ्याकडे गेलो. आबांनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, डोक्यावर टोपी घातली, हातात नारळ आणि टॉवेल दिला. टॉवेलची घडी जड लागली म्हणून उघडली, तर आत चंदनाचा साबण! सगळं घर दारात उभं राहून बघतंय.

"मामा, ह्येनं आंगुळ करू नगा," आबा म्हणाले. "कापडात ठिवा, आन किती टिकतोय त्ये फोन करून सांगा."

टॉवेल मात्र चांगला जाडजूड होता हो. तोंड लपवलं, तर आरपार काही म्हणता काही दिसलं नाही.