ओढ्यावरची कोरडी वाट

वस्तीसमोरच्या ओढ्यावर मी मोरी बांधली ती रागाने बांधली. लोक म्हणतात, काय पक्कं काम केलंय. राग पक्का होता, दुसरं काय!

आम्ही पाथर्डीकडचे, पाण्यासाठी आभाळाकडे बघत वाढलेलो. अलीकडे मात्र दिवाळी उलटली तरी पाऊस हटत नाही आणि ऐन थंडीत ओढा कमरेएवढा वाहतो. असल्याच पावसात आई गेली. स्मशान ओढ्यापलीकडे, गावाजवळ. कोरडी वाट एकच, चुलत भावाच्या बांधावरून, वरच्या अंगाने ओढ्याला वळसा घालून. तो बांधावर आडवा उभा राहिला. म्हणाला, "कालच कांदा लावलाय. एवढी मानसं तुडवत्याल. ओढ्यातनं न्या की."

बांधावरून चालणारी माणसं कांदा कशाला तुडवतील? पण तिरडी अडवून भांडायचं नसतं, म्हणून आम्ही पाण्यात उतरलो. मडकं धरून मी पुढे. विस्तव विझू नये म्हणून ते डोक्याच्या वर धरलं होतं. मागे एका खांदेकऱ्याचा पाय घसरला, तिरडी कलली आणि आईचे पाय पाण्यात बुडाले. संधिवातामुळे गार पाण्याला जन्मभर भ्यायची ती. तेव्हाच ठरवलं, याला एक दिवस याच पाण्यात उतरवीन.

उन्हाळ्यात जेसीबी लावला. सिमेंटच्या दोन मोठ्या नळ्या शेजारी शेजारी टाकल्या, दोन्ही तोंडांना दगड रचून घेतले आणि वर माळाचा मुरूम. प्रत्येक थरावर पाणी मारून ट्रॅक्टर फिरवला, पुरुषभर उंची येईपर्यंत. दोन्हीकडची जमीन माझीच. मोरीच्या, चुलत भावाच्या शेताकडच्या टोकाला लोखंडी फाटक बसवलं.

पुढच्याच हिवाळ्यात ओढ्याने त्याचा बांध खाल्ला, वरची वाटही गेली. देव आहे म्हटलं. कांद्याचा टेम्पो काढायला तो फाटकाशी आला. "दादा, यवढी खेप जाऊ दे." दादा! किती वर्षांनी आठवलं. मी म्हणालो, "कालच मुरूम टाकलाय. ओढ्यातनं ने की." तो खाली मान घालून गेला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

त्याच्या आईला, म्हणजे माझ्या काकूला, फाटक कधीच बंद नव्हतं. माझ्या आईला शेवटची आंघोळ तिनेच घातलेली. परवा गावातल्या देवळातून परत येताना ती मोरीवर दम खात थांबली. म्हणाली, "मला बी ह्याच वाटंनं नेशील ना रं?"

"कोरडी नेईन, काकू. पायाला थेंब लागायचा न्हाई."

"आन मडकं?"

मडकं पोरगाच धरतो, आणि सगळ्यांच्या पुढे चालतो. म्हणजे माझ्या मुरमावर पहिलं पाऊल त्याचं पडणार.

"त्यो ओढ्यातनं येईल," मी म्हणालो. "मडकं वर धरायचं. मला जमलं, त्यालाबी जमंल."

काकूने चपला काढून हातात घेतल्या, लुगडं वर खोचलं आणि दगडांचा आधार घेत पाण्यात उतरायला लागली. मी हाका मारल्या, हात धरायला खाली धावलो. तिने माझा हात बाजूला सारला.

"ऱ्हाऊ दे. लेकाच्या मागनंच जायचंय मला. पायांना सवय होऊ दे."